एकाच लांबीचे आयर्न आणि अंतराचा घोळ

एकाच लांबीच्या आयर्नबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारे विधान असे: सगळ्या क्लबांची लांबी सारखी केली की सगळे फटके सारख्याच अंतरावर पडणार, मग पिशवीत सात आयर्न बाळगायचे कशाला? हे विधान चुकीचे आहे. गोल्फ कधी न खेळलेल्या माणसाने ते केले तर समजण्यासारखे आहे. वीस वर्षे खेळलेली माणसेही तेच सांगतात आणि नवशिक्याला परस्पर या क्लबांपासून तोडतात, तेव्हा मात्र राग येतो. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच हातातल्या क्लबच्या फेसवर असते.

नेहमीच्या संचात आयर्नची लांबी पायरीपायरीने बदलते. चार नंबरचा आयर्न साधारण ३८.५ इंच, सात नंबरचा ३७ आणि पिचिंग वेज ३५.५ च्या आसपास. शेजारच्या दोन नंबरांत अर्ध्या इंचाचा फरक. दांडा आखूड होत जातो तसे डोके जड होत जाते, दर नंबरमागे सुमारे ७ ग्रॅमने. त्यामुळे फिरवताना सगळे क्लब हाताला साधारण सारखेच लागतात. शिवाय दोन कोन बदलतात. फेस उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो तो लॉफ्ट: चार नंबरला २१ ते २४ अंश, सातला ३० ते ३४, वेजला ४४ ते ४७. क्लब जमिनीवर टेकवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय: चार नंबरला सुमारे ६१ अंश, वेजला ६४ किंवा थोडा जास्त. एकाच लांबीच्या संचात लांबी, डोक्याचे वजन आणि लाय या तिन्ही गोष्टी सगळ्या नंबरांना सारख्या असतात, बहुधा सात नंबरच्या आयर्नच्या आसपास, म्हणजे ३७ ते ३७.५ इंचांवर. बदलतो तो फक्त लॉफ्ट. हेतू एवढाच, की उभे राहण्याची ढब, चेंडूपासूनचे अंतर आणि क्लब फिरण्याची पातळी प्रत्येक आयर्नला तीच राहावी.

आता अंतर. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला जेवढे यंत्रशास्त्र शिकवतात, तेवढ्यात हा हिशेब पुरा होतो. चेंडूचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: क्लबचे डोके किती वेगाने आले आणि त्या वेगातला किती भाग चेंडूला पुढे ढकलण्यात गेला. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी लांबीवर अवलंबून असते, दुसरी लॉफ्टवर. फेस जितका मागे कललेला, तितका त्या आघाताचा अधिक भाग चेंडू वर उचलण्यात आणि त्याला उलटी फिरकी देण्यात खर्च होतो. क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. सरळ बॅटने मारलेला ड्राइव्ह आणि बॅटचा फेस आकाशाकडे करून उचललेला चेंडू यांत बॅटची लांबी बदललेली नसते, तरी एक जमिनीलगत सीमारेषेकडे सुटतो आणि दुसरा उंच चढून तीस पावलांवर पडतो.

ज्यांना एवढ्याने पटत नाही त्यांच्यासाठी आकडे. ट्रॅकमॅन या रडार यंत्राच्या कंपनीने पीजीए टूरच्या पुरुष खेळाडूंची जी सरासरी प्रसिद्ध केली आणि जी प्रशिक्षक वर्षानुवर्षे वापरत आले, तिच्यानुसार चार नंबरच्या आयर्नचे डोके ताशी ९६ मैलांनी येते आणि चेंडू १३७ मैलांनी सुटतो. सात नंबरला हे आकडे ९० आणि १२०, पिचिंग वेजला ८३ आणि १०२. चेंडूच्या वेगाला डोक्याच्या वेगाने भागले, तर चार नंबरला १.४३ येतात, सातला १.३३ आणि वेजला १.२३. वेग केवळ लांबीतून येत असता तर हे तिन्ही भागाकार सारखे आले असते. ते सारखे नाहीत, आणि तो फरक लॉफ्टचा आहे.

आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने सगळ्यांत वाईट गृहीत धरून पाहू. समजा, लांबी एक केल्यामुळे तिन्ही क्लबांची डोकी नेमक्या ९० मैलांनीच आली. तरीही वरच्या गुणोत्तरांप्रमाणे चार नंबरचा चेंडू सुमारे १२९ मैलांनी, सातचा १२० ने आणि वेजचा १११ ने सुटेल. वर सुटण्याचा कोन वेगळाच: त्याच नोंदींत चार नंबरचा चेंडू ११ अंशांनी निघतो, वेजचा २४ अंशांनी, आणि वेजची फिरकी जवळजवळ दुप्पट असते. इतके वेगळे सुटलेले तीन चेंडू एकाच ठिकाणी पडणे शक्य नाही.

याच गणितातून दुसरी गोष्टही दिसते, आणि या क्लबांचे कट्टर पुरस्कर्ते ती सांगायचे टाळतात, हेही तितकेच खटकते. नेहमीच्या संचात चार नंबर आणि वेज यांच्या चेंडूंच्या वेगात ३५ मैलांचे अंतर होते. या हिशेबात ते १८ वर आले. प्रत्यक्षात डोक्यांची वजनेही बदललेली असतात, त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण दिशा हीच. म्हणजे टप्पे नाहीसे होत नाहीत, दाटतात. लांब पल्ल्याचे आयर्न थोडे कमी जातात, वेज थोडा जास्त जातो. म्हणूनच असे संच बनवणारे लॉफ्टमधल्या पायऱ्या नव्याने बसवतात आणि चार-पाच नंबरांचा फेस अधिक उसळी देणारा ठेवतात. ज्याचा क्लब मुळातच हळू फिरतो त्याला आखूड चार नंबरने चेंडू पुरेसा उंच चढवणे अवघड जाते. त्याने त्या जागी हायब्रिड घ्यावा. शंका घ्यायचीच तर ती इथे घ्यावी.

दुसरा गैरसमज खिशाला आणि क्लबांनाही महागात पडतो: घरचाच जुना संच कापून एका मापाचा करता येतो. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दांडा हव्या त्या मापाला कापून देणारा कारागीर मिळेल, आणि तो काम चोखही करील. पण लांबी हा तिसरा हिस्सा झाला. क्लब हाताला किती जड लागतो ते मोजणाऱ्या स्विंगवेटच्या काट्यावर अर्धा इंच म्हणजे सुमारे ३ अंक आणि डोक्यातले २ ग्रॅम म्हणजे १ अंक. चार नंबरचा आयर्न ३८.५ वरून ३७ वर आणला, की ९ अंक घटतात. ते भरून काढायला डोक्यावर १८ ते २० ग्रॅम चढवावे लागतात. शिशाची पट्टी एवढ्या वजनाची लावली, तर डोक्याचा तोल बिघडतो. वेजचे उलट होते: दांडा दीड इंचाने लांब करायचा आणि डोक्यातून तेवढेच वजन कोरून काढायचे. त्यात लायचा प्रश्न. कापलेल्या चार नंबरचा लाय ६१ अंशांवरच राहतो, ३७ इंचांवर तो फार आडवा पडतो, टोक जमिनीत रुतते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जातो. लांब केलेल्या वेजची टाच रुतते आणि चेंडू डावीकडे ओढला जातो, तोही जास्त, कारण लॉफ्ट जितका मोठा तितका लायमधला दोष दिशेत अधिक उतरतो. डोके वाकवून एक-दोन अंश सुधारता येतात, पण काही मिश्रधातूंची डोकी वाकवताना तडकतात. संच एका लांबीचा हवा असेल, तर तो त्यासाठीच घडवलेल्या डोक्यांचा घ्यावा.

ही कल्पना अमेरिकी गोल्फपटू ब्रायसन डिशॅम्बोने काढली, असेही सांगतात; तेही खरे नाही. टॉमी आर्मर कंपनीने ईक्यूएल नावाचा एकाच लांबीचा संच १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला होता. तो चालला नाही. डिशॅम्बोने ती कल्पना जगासमोर नेली, हे मात्र खरे. डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या या खेळाडूने २०१५ साली अमेरिकी महाविद्यालयांची वैयक्तिक स्पर्धा आणि यूएस अमॅच्युअर या दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या, तेव्हा त्याचे सगळे आयर्न ३७.५ इंचांचे होते. २०१६ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि २०१७ मध्ये कोब्राने किंग एफ७ वन लेंग्थ हा संच सर्वांसाठी आणला. पुढे २०२० आणि २०२४ अशा दोन यूएस ओपन त्याने जिंकल्या.

या विजयांवरून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात, आणि दोन्ही घाईचे आहेत. एका बाजूचे म्हणतात, ही भौतिकशास्त्र शिकलेल्याची गोष्ट, सामान्यांचे काम नाही. पण असा क्लब वापरायला गणित येण्याची गरज नसते. गणित क्लब घडवणाऱ्याने केलेले असते. दुसऱ्या बाजूला त्याचे विजय हाच या आयर्नचा पुरावा वाटतो. २०२० चा विजय सहा फटक्यांचा होता, आणि त्या वर्षी त्याने शरीर कमावून ड्रायव्हरने मिळवलेल्या अंतराचा त्यात मोठा वाटा होता. शिवाय मोठ्या स्पर्धा जिंकणारे बाकीचे जवळजवळ सगळे खेळाडू वेगवेगळ्या लांबीचेच आयर्न वापरतात. एका माणसाच्या यशावरून क्लबची परीक्षा होत नाही.

लांब वेजने नाजूक फटका बसत नाही, या समजाला मात्र डिशॅम्बोचेच उदाहरण पुरेसे आहे. २०२४ मध्ये पाइनहर्स्टच्या क्रमांक दोनच्या मैदानावर शेवटच्या होलला तो वाळूत, झेंड्यापासून सुमारे ५५ यार्डांवर अडकला होता. तिथून त्याने चेंडू होलपासून काही फुटांवर ठेवला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. त्याचे वेजही आयर्नच्याच लांबीचे होते. सवय लागेपर्यंत लांब वेज अडचणीचा वाटतो, एवढे खरे. म्हणून पुष्कळ जण आयर्न एका लांबीचे घेतात आणि सँड वेज व लॉब वेज जुनेच ठेवतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हे क्लब नियमबाह्य नाहीत: नियमांत लांबीची किमान मर्यादा १८ इंच आणि कमाल ४८ इंच आहे, व्यावसायिक स्पर्धांत २०२२ पासून ४६ इंचांचा स्थानिक नियम लावता येतो, आणि दोन क्लबांत फरक असलाच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. ड्रायव्हर आणि पटर या योजनेत येत नाहीत. चेंडू प्रत्येक वेळी पायांच्या बरोबर मध्येच ठेवावा, अशी सक्ती नाही. लांब पल्ल्याच्या आयर्नला तो किंचित पुढे घेणारे पुष्कळ आहेत. आणि वाकडा फिरणारा क्लब एका लांबीने सरळ होत नाही.

फायदा कोणाला, हे सरावाच्या संधीवर ठरते. सांगलीच्या खेळाडूला विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबचे मैदान गाठायचे तर मुंबई, आणि पुण्यात येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबसाठी सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास. महिन्यातून एक-दोनदा मैदान दिसणाऱ्याला प्रत्येक आयर्नसाठी वेगळी ढब अंगात मुरवायला वेळ मिळत नाही. सात नंबरची एकच ढब पक्की करून तीच सगळीकडे वापरणे त्याला सोपे जाते. रोज चेंडू मारणाऱ्याच्या हातात नेहमीच्या लांब्या आधीच बसलेल्या असतात, त्याला बदलण्याचे कारण कमी. विकत घेण्याआधी दोनच क्लब रडार यंत्रापुढे मारून पाहावेत: पाच नंबर आणि पिचिंग वेज, प्रत्येकी दहा-बारा चेंडू. पाच नंबरचा चेंडू पुरेसा उंच चढतो का आणि वेज जुन्यापेक्षा किती पुढे जातो, या दोन आकड्यांवर बदलायचे की नाही ते ठरवता येते.