निराश्रित पाळीव श्वानांचे पुनर्वसन : स्वयंसेवी गटांची कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात सोबत आलेल्या श्वानाला मागे ठेवून स्वर्गात प्रवेश करण्यास युधिष्ठिर नकार देतो. आश्रिताचा त्याग करणे हे महापातक होय, ही त्यामागील भूमिका आहे. महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या पायाशी आणि खंडोबाच्या सोबतीला श्वान दिसतो. असे असूनही आधुनिक नागरी जीवनात या आश्रिताचा त्याग नित्याचा झाला आहे. नोकरीतील बदली, भाड्याचे घर बदलणे, घरमालकाचा विरोध, घरात मूल जन्माला येणे, कुत्र्याचे आजारपण वा म्हातारपण अशा कारणांनी घरात वाढलेला कुत्रा एके दिवशी महामार्गालगत, बाजारात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या दाराशी सोडून दिला जातो.

अशा कुत्र्यांना उचलून, उपचार करून नवे घर मिळवून देण्याचे काम अनेक शहरांत लहान-लहान स्वयंसेवी गट करीत असतात. समाज या कामाकडे बहुधा भूतदयेचा आविष्कार म्हणून कौतुकाने, नाहीतर श्वानप्रेमींचे वेड म्हणून उपहासाने पाहतो. या दोन्ही दृष्टींतून कामाचे खरे स्वरूप निसटते. दया ही या कार्याची केवळ प्रेरणा आहे. त्याचे यश पारख, नोंद व पाठपुरावा या तीन गोष्टींवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्याची पूर्वपीठिका, कार्यपद्धती व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : सांभाळणे आणि सोपविणे

निराश्रित कुत्र्यांच्या प्रश्नाशी मुंबई शहराचा संबंध जुना आहे. ब्रिटिश प्रशासनाच्या कुत्रे मारण्याच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये मुंबईत दंगल व हरताळ झाला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. निराश्रित प्राण्याला आणावे आणि त्याच्या मृत्यूपर्यंत सांभाळावे, ही पांजरपोळीची कल्पना होय.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी यांनी हॉलोवे भागात जे आश्रयगृह सुरू केले, त्याच्या मूळ नावातच ते हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे 'तात्पुरते घर' असल्याचे म्हटले होते. १८७१ मध्ये ते बॅटर्सी येथे हलविण्यात आले व आजही त्याच नावाने ओळखले जाते. येथे मूळ मालक शोधणे किंवा नवा मालक मिळविणे हा हेतू होता.

पहिल्या पद्धतीत प्राण्याला सांभाळणे हे साध्य आहे, तर दुसरीत ते प्राण्याला योग्य हाती सोपविण्यापर्यंतचे साधन आहे. आजचे स्वयंसेवी गट या दुसऱ्या परंपरेत येतात. मुंबईतील 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था १९८५ पासून निर्बीजीकरण, लसीकरण व उपचार यांबरोबरच कुत्र्यांना घरे मिळवून देण्याचे कार्य करते. 'वर्ल्ड फॉर ऑल' ही मुंबईतील संस्था दत्तक-मेळाव्यांसाठी परिचित आहे. मात्र बहुसंख्य गट नोंदणीकृतही नसतात. चार-दोन शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी आणि एखादा सहकार्य करणारा पशुवैद्यक एवढेच त्यांचे मनुष्यबळ असते.

भटका श्वान आणि सोडून दिलेला श्वान :

या गटांच्या कामाचा विचार करताना एक भेद स्पष्ट ठेवावा लागतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख व महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटके कुत्रे होते. यांतील बहुसंख्य कुत्रे रस्त्यावरच जन्मलेले आहेत. अन्न कोठे मिळते, वाहन कसे टाळावे, कोणत्या टोळीच्या हद्दीत जाऊ नये, हे त्यांना लहानपणीच कळते. अशा प्रौढ कुत्र्याला एकाएकी चार भिंतींत कोंडणे हे त्याचे पुनर्वसन ठरेलच असे नाही.

सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्याची स्थिती याच्या उलट असते. वाटीतले अन्न खाण्याची सवय असलेल्या या प्राण्याला उकिरडा शोधता येत नाही, स्थानिक कुत्रे त्याला टिकू देत नाहीत आणि रहदारीचे भान नसल्याने तो वाहनाखाली येतो. लांब केसांच्या विदेशी जातींना उष्मा, गोचीड व त्वचारोग यांचाही उपद्रव होतो.

रस्त्यावर जन्मलेली पिल्ले हा या दोहोंमधील तिसरा वर्ग होय. साधारणतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीत निर्णायक असतो, हे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. या काळात माणसांचा सहवास लाभलेले गावठी पिल्लू कोणत्याही जातिवंत पिल्लाप्रमाणेच घरात रुळते. म्हणून सोडून दिलेले पाळीव कुत्रे आणि रस्त्यावरची पिल्ले हेच दत्तक-कार्याचे खरे क्षेत्र ठरते.

कार्यपद्धती :

एका कुत्र्याचा रस्त्यापासून नव्या घरापर्यंतचा प्रवास सामान्यतः पाच टप्प्यांतून होतो.

१) शोध व खातरजमा : गळ्यात पट्टा असलेला किंवा माणसाळलेला कुत्रा आढळल्यास तो हरवलेला आहे की सोडून दिलेला, याची प्रथम चौकशी केली जाते. परिसरातील रहिवासी, दुकानदार व दवाखाने यांच्याकडे विचारणा होते आणि मालकाला पुढे येण्यास काही अवधी दिला जातो.

२) तपासणी व विलगीकरण : पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगांची लक्षणे संसर्गानंतर काही दिवसांनी दिसतात. वरून निरोगी दिसणारे एक पिल्लू सर्व पिल्लांच्या मृत्यूस कारणीभूत ठरू शकते. म्हणून नव्या प्राण्याला इतरांपासून वेगळे ठेवून जंतनाशक औषध व लसी दिल्या जातात. रेबीजची लस सामान्यतः तिसऱ्या महिन्यात देतात.

३) तात्पुरते पालकत्व : बहुतेक गटांकडे स्वतःची जागा नसते. त्यामुळे स्वयंसेवकांच्या घरी कुत्रा काही आठवडे ठेवला जातो. यात जागेची सोय होते, शिवाय कुत्र्याची ओळखही पटते. तो लहान मुलांशी कसा वागतो, एकटा राहिल्यास भुंकतो का, मांजर सहन करतो का, फटाक्यांना किती घाबरतो, हे पिंजऱ्यात कळत नाही; घरातच कळते.

४) पारख : इच्छुक कुटुंबाची मुलाखत होते व घराला भेट दिली जाते. घरातील सर्वांची संमती आहे का, घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी आहे का, गच्चीला कठडा व सज्जाला जाळी आहे का, कुटुंब गावी गेल्यास कुत्रा कोणाकडे राहील, असे साधे प्रश्न विचारले जातात. राखणीसाठी चोवीस तास साखळीला बांधून ठेवण्याचा बेत असेल, तर तोही याच वेळी उघड होतो.

५) करार व पाठपुरावा : दत्तक-पत्रावर लसीकरण, योग्य वयात निर्बीजीकरण आणि महापालिका हद्दीत असल्यास परवाना यांची हमी घेतली जाते. पहिल्या आठवड्यात, महिन्याने व त्यानंतर काही काळ चौकशी होते. नव्या घरात पहिले काही दिवस कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही, घरात घाण करतो. कुत्रा परत करण्याचा विचार बहुधा याच काळात बळावतो. या दिवसांत दूरध्वनीवरून मिळालेला अनुभवी सल्ला अनेकदा निर्णायक ठरतो.

क्षमतेचे गणित :

गटाची क्षमता त्याच्याकडील जागांच्या संख्येवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ती कुत्र्याच्या मुक्कामाच्या कालावधीवर ठरते. उदाहरणार्थ, एखाद्या गटाकडे तात्पुरती पालकत्वे दहा असून प्रत्येक कुत्रा सरासरी ३० दिवस राहत असेल, तर वर्षाला सुमारे १२० कुत्र्यांना घरे मिळू शकतात. तोच मुक्काम ६० दिवसांचा झाला, तर ही संख्या ६० वर येते. दहापैकी चार जागा कोणीही न स्वीकारलेल्या वृद्ध वा अपंग कुत्र्यांनी कायमच्या व्यापल्या, तर उरलेल्या सहांवरच सर्व भार पडतो.

या गणितातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे प्रत्येक कुत्र्याला 'होय' म्हणणारा गट हळूहळू पांजरपोळ बनतो. पुरेसा निधी व मनुष्यबळ नसल्यास तेथील प्राण्यांचीच आबाळ होते. म्हणून नकार देता येणे हे निर्दयपणाचे नव्हे, व्यवस्थापनाचे लक्षण मानावे लागते. दुसरी म्हणजे घाईने दिलेला कुत्रा परत आला, तर तो आधीपेक्षा अधिक बिथरलेला असतो व त्याचा मुक्काम लांबतो. तरीही 'जमले नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत द्यावा' ही अट चांगले गट आग्रहाने घालतात. परतीचा दरवाजा बंद केला, तर तो कुत्रा पुन्हा रस्त्यावरच जाणार, हे त्यांना ठाऊक असते. यामुळे किती कुत्रे दिले यापेक्षा वर्षानंतर किती कुत्रे त्याच घरी आहेत, हा यशाचा अधिक प्रामाणिक निकष ठरतो.

कायदा आणि ऐच्छिकता :

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार उपासमार वा तहानेने वेदना होण्याची शक्यता असलेल्या स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यात दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड सांगितला आहे. कुत्रा सोडणाऱ्याला कायद्याचा धाक न वाटण्याचे हे एक कारण होय. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये पाळीव प्राण्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी मानली आहे. परंतु मालकानेच सोडून दिलेल्या कुत्र्याची जबाबदारी प्रत्यक्षात स्वयंसेवकांच्या माथी येते.

दत्तक घेणे सक्तीचे करता येईल काय, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तक घ्यावे, असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीला स्थगिती दिली. वर वर्णिलेली पारखीची प्रक्रिया पाहता सक्तीचे दत्तक का टिकणार नाही, हे सहज ध्यानात येते. ज्याच्या घरी जागा, वेळ वा कुटुंबाची संमती नाही, त्याच्या हाती दिलेला कुत्रा पुन्हा निराश्रितच होतो.

महाविद्यालयीन परिसराच्या संदर्भात :

हा विषय आता महाविद्यालयांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात इच्छुक प्राणिप्रेमींना स्थानिक संस्थेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत, ही जबाबदारी अर्जदारावर टाकली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे हटवून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्यांना निवाराकेंद्रांत ठेवावे व त्याच जागी परत सोडू नये, असे निर्देश दिले. संस्थांनी यासाठी जबाबदार अधिकारी नेमावा, असेही त्यात म्हटले होते.

अनेक महाविद्यालयांच्या आवारात वर्षानुवर्षे राहणारे, वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या हातून खाणारे कुत्रे आहेत. त्याचबरोबर श्वानदंशाची भीती वाटणारे विद्यार्थी व कर्मचारीही आहेत, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, हे विसरून चालत नाही. या दोन्ही बाजूंना न्याय देणारा एक मार्ग दत्तक-कार्यातून निघू शकतो. आवारातील प्रत्येक कुत्र्याची वय, लिंग, लसीकरण व स्वभाव यांसह नोंद करणे, त्यांपैकी घरात रुळू शकतील अशा कुत्र्यांसाठी स्थानिक गटाच्या मदतीने घरे शोधणे व उरलेल्यांबाबत स्थानिक संस्थेशी समन्वय साधणे, हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागालाही करता येण्याजोगे आहे. सुट्ट्यांचे नियोजनही महत्त्वाचे आहे. वसतिगृहात हौसेने पाळलेले पिल्लू परीक्षा संपताच आवारात मागे राहते आणि पुढील वर्षी तोच संस्थेचा 'भटका कुत्रा' होतो.

मर्यादा :

दत्तक-कार्याने रस्त्यावरील कुत्र्यांची एकूण संख्या घटेल, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही. ती घटविण्यासाठी सातत्यपूर्ण निर्बीजीकरण, लसीकरण व कचऱ्याचे व्यवस्थापन हेच उपाय आहेत. शिवाय दत्तक घेणाऱ्यांची आवडनिवडही आड येते. मादी, काळ्या रंगाची, प्रौढ व अपंग कुत्री मागे राहतात, असा स्वयंसेवकांचा अनुभव आहे. पैशाची ओढाताण आणि सततच्या मृत्युदर्शनाने येणारा मानसिक थकवा यांमुळे अनेक गट काही वर्षांतच विस्कळीत होतात.

समारोप :

स्वयंसेवी गट शहरातील सर्व कुत्र्यांचा प्रश्न सोडवीत नाहीत. एका विशिष्ट कुत्र्याला एका विशिष्ट घराशी जोडणे, एवढेच त्यांचे काम आहे. ते जोडणे टिकावे म्हणून विचारलेले अवघड प्रश्न, दिलेले नकार आणि उघडा ठेवलेला परतीचा दरवाजा यांतच या कार्याचे मर्म आहे. घेणाऱ्याला विचारले जाणारे हेच प्रश्न कुत्रा प्रथम घरी आणणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारले, तर या गटांच्या दाराशी येणाऱ्या कुत्र्यांची संख्या निश्चितच कमी होईल.