ग्रहीय तेजोमेघ

ग्रहीय तेजोमेघ किंवा बिंबाभ्रिका म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याने आयुष्याच्या अखेरीस अवकाशात टाकलेले आणि त्याच ताऱ्याच्या तप्त गाभ्यामुळे प्रकाशमान झालेले वायूचे कवच होय. नावात 'ग्रह' हा शब्द असला तरी या तेजोमेघांचा ग्रहांशी संबंध नाही. सूर्याच्या सुमारे १ ते ८ पट वस्तुमानाचे तारे या अवस्थेतून जातात. ताऱ्याचे आयुष्य कोट्यवधी ते अब्जावधी वर्षांचे असते. ही अवस्था मात्र साधारणपणे १० ते २० हजार वर्षेच टिकते. त्यामुळे आकाशगंगेत अब्जावधी तारे असूनही ज्ञात ग्रहीय तेजोमेघांची संख्या सुमारे ३,००० एवढीच आहे.

शोध आणि नाव

चार्ल्स मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७६४ साली जंबूक तारकासमूहात डंबेल तेजोमेघ (एम २७) पाहिला. हा सर्वप्रथम शोधला गेलेला ग्रहीय तेजोमेघ होय. अभिजित ताऱ्याच्या स्वरमंडल तारकासमूहातील कंकणाकृती तेजोमेघ (एम ५७) १७७९ साली सापडला. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांना दूरदर्शकातून यांपैकी काही तेजोमेघ ग्रहाच्या लहान, फिकट बिंबासारखे दिसले. त्यावरून त्यांनी १७८० च्या दशकात 'ग्रहीय तेजोमेघ' हे नाव दिले व ते रूढ झाले.

सर्व तेजोमेघ म्हणजे दूरवरचे तारकापुंज असावेत, असा तेव्हा समज होता. विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली कालेय तारकासमूहातील मार्जारनेत्र तेजोमेघाचा (एनजीसी ६५४३) वर्णपट तपासला. त्यात ताऱ्यांच्या वर्णपटासारखा अखंड पट्टा नव्हता; मोजक्या ठळक रेषा होत्या. यावरून हा तेजोमेघ विरळ वायूचा असल्याचे सिद्ध झाले. त्यातील एक हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नसल्याने 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ साली आयरा बोवेन यांनी ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे दाखवले. अशा उत्सर्जनासाठी अणूला दीर्घकाळ टक्कर न होता राहावे लागते. पृथ्वीवरील सामान्य वायूत हे घडत नाही. तेजोमेघातील वायू मात्र त्यासाठी पुरेसा विरळ असतो.

निर्मिती

ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला की गाभा आकुंचन पावतो, बाह्य स्तर फुगतात आणि तारा तांबडा राक्षसी तारा बनतो. गाभ्याचे तापमान सुमारे १० कोटी केल्व्हिनला पोहोचल्यावर हेलियमचे कार्बन व ऑक्सिजनमध्ये रूपांतर होऊ लागते. गाभ्यातील हेलियमही संपल्यावर तारा दुसऱ्यांदा फुगतो. या वेळी त्याचा पृष्ठभाग स्पंदन पावत असतो. दूर फेकल्या गेलेल्या वायूत धूलिकण तयार होतात. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर ढकलतो आणि कणांसोबत वायूही वाहून जातो. अशा रीतीने ताऱ्याचे बहुतेक बाह्य आवरण निघून जाते.

आवरणाचा अगदी पातळ थर उरला की तारा वेगाने आकुंचन पावतो. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,००० केल्व्हिनपासून वाढत जाऊन ३०,००० केल्व्हिनच्या आसपास पोहोचते, तेव्हा त्यातून मोठ्या प्रमाणावर अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण आधी टाकलेल्या वायूचे आयनीकरण करतात आणि वायू प्रकाशू लागतो. या टप्प्यावर ताऱ्यापासून निघणारा विरळ पण अतिवेगवान वारा जुन्या, संथ वायूला मागून गाठून दाबतो व त्यामुळे कवच अधिक स्पष्ट होते. हे स्पष्टीकरण १९७८ साली सन क्वोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले.

केवळ वायू बाहेर पडल्याने तेजोमेघ दिसत नाही. गाभाही वेळेत तापावा लागतो. सेकंदाला २५ किलोमीटर वेगाने पसरणारा वायू १०,००० वर्षांत सुमारे ०.८ प्रकाशवर्ष दूर जातो व विरळ होतो. कमी वस्तुमानाचा गाभा सावकाश तापतो. तो पुरेसा तापण्यापूर्वीच वायू विखुरला, तर तेजोमेघ दिसतच नाही.

सूर्याचे भवितव्य

सूर्याचे वय सुमारे ४.६ अब्ज वर्षे असून त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन आणखी सुमारे ५ अब्ज वर्षे पुरेल. त्यानंतर तो तांबडा राक्षसी तारा होईल आणि जवळजवळ निम्मे वस्तुमान गमावेल. जुन्या गणितांनुसार सूर्याचा गाभा इतका सावकाश तापेल की तेजोमेघ दिसणार नाही, असे मानले जाई. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मात्र असे गाभे पूर्वीच्या अंदाजापेक्षा सुमारे तिप्पट वेगाने तापतात. त्यामुळे सूर्याभोवतीही तेजोमेघ निर्माण होईल, परंतु तो फिकट असेल. म्हणजेच दृश्य तेजोमेघ निर्माण करू शकणाऱ्या ताऱ्यांच्या किमान मर्यादेजवळ सूर्य आहे.

आकार

तारा गोल असला तरी बहुतेक ग्रहीय तेजोमेघ गोल नसतात. अनेक लंबवर्तुळाकार, तर काही फुलपाखराच्या पंखांसारखे दुपाखी असतात. जोडीदार ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण हे याचे एक प्रमुख कारण मानले जाते. जेम्स वेब अवकाश दूरदर्शकाच्या जुलै २०२२ मधील पहिल्या छायाचित्रांत एनजीसी ३१३२ या तेजोमेघाचा समावेश होता. त्याच्या केंद्रातील दोन ताऱ्यांपैकी मरणासन्न तारा धुळीने वेढलेला असल्याचे त्यातून प्रथमच दिसले.

अखेर आणि महत्त्व

कालांतराने वायू आंतरतारकीय माध्यमात मिसळतो आणि गाभ्याचा श्वेत बटू तारा होतो. त्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेपेक्षा, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा, कमी असल्याने तो कोसळत नाही. अब्जावधी वर्षे थंड होत राहतो.

ताऱ्याच्या अंतर्भागात तयार झालेला कार्बन व नायट्रोजन बाहेर टाकलेल्या वायूबरोबर अवकाशात पसरतो. पॉल मेरिल यांना १९५२ साली काही राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम आढळले. हे किरणोत्सारी मूलद्रव्य ताऱ्याच्या वयाच्या मानाने अल्पकाळ टिकते. म्हणून ते त्या ताऱ्यांतच नुकतेच तयार झालेले असले पाहिजे. अशा ताऱ्यांनी समृद्ध केलेल्या वायूतून पुढील पिढीचे तारे व ग्रह घडतात. पृथ्वीवरील सजीवांच्या शरीरातील कार्बनचा मोठा भागही सूर्याच्या जन्मापूर्वी मावळलेल्या ताऱ्यांकडूनच आलेला आहे.