मुनिमाचा दुसरा हिशोब

सकाळी 6.30. बोटाला टोच, शुगर वहीत. परातीत जाण्याआधी बाजरीचं पीठ काट्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 62 ग्रॅम कर्बोदकं. 50 ग्रॅमची भाकरी म्हणजे 31. मला टाइप 1 मधुमेह. स्वादुपिंडाकडून इन्सुलिन येत नाही, ते बाहेरून घ्यायचं. डॉक्टरांनी दर 10 ग्रॅमला एक युनिट ठरवून दिलंय. हे प्रमाण माझं. दुसऱ्याचं वेगळं असतं. एक भाकरी, मेथी, 3 युनिट.

9.30. लासलगाव बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, व्यापाऱ्यांचा घोळका, पुकारा. शेठ बोली लावतात, मी भाव टिपतो. चहा येतो. शेजारच्या खळ्यावरचे काका ऐटीत सांगतात, "आपला बिनसाखरेचा!" आणि चार ग्लुकोज बिस्किटं बुडवतात. त्यांत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तीन चमचे साखरेएवढीच. गोड तेवढंच मोजायचं, हा समज गावात पक्का बसलाय.

दुपारी 1. मिसळ. लोक तर्रीला भितात. माझी खरी भीती पावाची. एका पावाचे अंदाजे 20 ग्रॅम, दोनाचे 40. मटकी आणि फरसाण वेगळं. मटकीतल्या तंतूंमुळे साखर सावकाश चढते, म्हणून उसळ जास्त घेतो, पाव एकच. वर कांदा मात्र मूठभर: 100 ग्रॅममध्ये जेमतेम 9-10. बाजारात भाव कितीही कडाडो, माझ्या वहीत कांदा स्वस्तच.

5. काटापट्ट्या, हिशोबपट्ट्या, रोख मोजणी. खळ्यावर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निवडणाऱ्या बायकांची मजुरी काढताना हात थरथरायला लागतात, घाम सुटतो. मीटरवर 62. खिशातली पुडी फोडून तीन चमचे साखर पाण्यात, गटागटा. हमाल दादा बघतच राहतो.

"मुनीमजी, तुम्हाला शुगर ना? मग साखर कशी खाता?"

"कमी झाली की खावीच लागते."

त्याला पटत नाही. आकडेमोड पंधरा मिनिटं बाजूला. चुकीची पट्टी फाडून पुन्हा कोण लिहिणार? पुन्हा टोच: 94.

रात्री 8.30. मुगाची खिचडी. तांदूळही मोजायचा, डाळही, पापडातला उडीदसुद्धा. बायको डाव हातात धरून विचारते, "किती?" लग्नकार्यात असं विचारता येत नाही, तिथे नजरेनेच वाटी भरावी लागते. घरी दीड वाटी, साधारण 40 ग्रॅम.

4 युनिट.