उद्यासाठी काय भिजवायचे?

मांसाहार सोडला की ताटातून फक्त मासळीची किंवा मटणाची वाटी जात नाही, दिवसभरातल्या प्रथिनांचा मोठा हिस्साही तिच्याबरोबर जातो. तो कुठून भरून काढायचा हे ठरलेले नसेल, तर त्या जागी हमखास बटाट्याची भाजी येऊन बसते. मुंबईच्या उपनगरांत हा बदल वरवर पाहता सोपा वाटतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत गुजराती आणि जैन वस्ती मोठी आहे; फरसाणवाले, उडुपी हॉटेले आणि पोळी-भाजी केंद्रे पावलोपावली आहेत. बाहेर पडले की शाकाहारी खायला मिळतेच. घरचा रोजचा स्वयंपाक नीट बसवायचा, तर मात्र थोडी आखणी लागते.

कोकणातून आलेल्या, आगरी-कोळी किंवा सीकेपी घरांत शाकाहाराची सुरुवात बऱ्याचदा श्रावणात होते. राज्याच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी एरवी १ जून ते ३१ जुलै असते. वेसाव्याच्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, ताजी मासळी कमी आणि महाग झालेली असते, आणि आषाढ अमावास्या पार पडली की बरीच घरे महिनाभर मासळी-मटण बंद करतात. त्यातले कोणी गळ्यात तुळशीची माळ घालतात, कोणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, कोणी निव्वळ मनात आले म्हणून पुढेही तसेच चालू ठेवतात. गोम इथेच आहे. एक महिना साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शिरा आणि पातळ वरण यांवर काढला तर निरोगी माणसाचे फारसे बिघडत नाही. तोच बेत वर्षभर चालवला तर बिघडते. श्रावणाचा स्वयंपाक हा सणावाराचा स्वयंपाक आहे. तो रोजच्या आहाराचा नमुना म्हणून कोणी रचलेला नाही.

हिशेब मांडून पाहिला की हे लगेच लक्षात येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यातून त्यातली वीसेक ग्रॅम एका बैठकीत मिळून जातात. वाटीभर घट्ट उसळीत कोरडे कडधान्य सुमारे ३० ग्रॅम असते आणि त्यातून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे एका मासळीच्या जागी तीन वाट्या उसळ झाली. ती एका जेवणात कोणी खाणार नाही, खाऊही नये. म्हणून कडधान्य सकाळ, दुपार आणि रात्र असे दिवसभरात वाटून घ्यावे लागते. पातळ वरणावर तर मुळीच विसंबू नये. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम भरते.

याच संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे माप दिले आहे. मांसाहार करणाऱ्यांना डाळींच्या मापातला काही भाग अंडी-मांस-मासळीतून भागवता येतो. शाकाहाऱ्याला ते ८५ ग्रॅम कडधान्यातूनच पुरे करायचे असतात. चार मोठ्या माणसांच्या घरात हे महिन्याला दहा किलोच्या आसपास जाते. वाण्याच्या यादीत दोन किलो तूरडाळ आणि अर्धा-अर्धा किलो मूग-मटकी लिहिणाऱ्या घराला हा आकडा डोळ्यांवर येईल. पण मासळीवर जाणारा पैसा वाचलेला असतो, तो इथे वळवायचा.

पोळी किंवा भात आणि त्यासोबत डाळ, ही जुनी जोडी पोषणाच्या दृष्टीनेही अचूक आहे. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असे नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरते.

तेव्हा शाकाहारी आठवड्याची आखणी भाजीवाल्याकडे सुरू होत नाही. आदल्या रात्री, झोपण्यापूर्वी डबे उघडून काय भिजत घालायचे या प्रश्नापाशी ती सुरू होते. छोले, राजमा, काळे वाटाणे रात्रभर भिजल्याशिवाय शिजत नाहीत. चवळीला चार-पाच तास पुरतात आणि अख्खा मसूर दोन-तीन तासांत तयार होतो, म्हणून विसराळू दिवसासाठी मसूर हाताशी असावा. मूग आणि मटकी रात्री भिजवून सकाळी उपसून फडक्यात बांधली की मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात. पण त्याच हवेने ते लवकर बुळबुळीतही होतात, म्हणून मोड दिसले की डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकावेत. वालाचे गणित सगळ्यांत लांबचे. शनिवारी बिरडे हवे तर वाल गुरुवारी रात्री भिजायला पडतात, शुक्रवारी बांधले जातात, आणि मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावे लागतात. एवढा वेळ नसणाऱ्यांसाठी मंडईत सोललेले वाल आणि मोड आलेली कडधान्ये तयार मिळतात. त्यात कमीपणा मानायचे काही कारण नाही.

नव्याने शाकाहारी झालेल्यांची पहिली तक्रार पोटात वारा धरण्याची असते. कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेले पाणी टाकून देणे, मोड आणणे, हिंग-आले वापरणे यांनी त्रास कमी होतो. मूगडाळ आणि मसुरापासून सुरुवात करून छोले-राजम्याकडे दोन-तीन आठवड्यांनी जावे. पोटालाही सवय व्हायला वेळ लागतो.

नोकरदार उपनगरकराची खरी अडचण दुपारच्या डब्यात आहे. सकाळच्या विरार किंवा कल्याण लोकलच्या गर्दीत पातळ आमटी नेणे म्हणजे कपडे आणि शेजाऱ्याची बॅग दोन्ही पणाला लावणे. म्हणून डब्यात तीन पोळ्या आणि कोरडी भाजी जाते, आणि नेमक्या दिवसाच्या मुख्य जेवणातून डाळ गळते. यावरचा उपाय मराठी स्वयंपाकात जुनाच आहे, तो म्हणजे भाजीतच डाळ घालणे. दुधी, पडवळ, कोबीत भिजवलेली चणाडाळ घालावी. मेथीत मूगडाळ घालावी. कांद्याची पात, सिमला मिरची पीठ पेरून करावी. बेसन हे डाळीचेच पीठ, त्यामुळे कोरडा झुणका, पाटवड्या, कोथिंबीर वडी हे सारे त्याच खात्यात जमा होते. मटकीची सुकी उसळ, मुगाचे धिरडे, भाजणीचे थालीपीठ आणि दाण्याची किंवा तिळाची चटणीही डब्यात न सांडता जाते. संध्याकाळी घरी परतल्यावर आमटी किंवा कढी-खिचडी निवांत होते.

दुसरी अडचण चवीची. मासळी खाणाऱ्या जिभेला शाकाहार अळणी लागतो तो मसाला जातो म्हणून. आणि मसाला जाण्याचे काहीच कारण नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, कोकम, तिरफळ, घरचा आगरी किंवा मालवणी मसाला हे जसेच्या तसे राहू द्यावेत. मालवणी घरात कोंबडी नसेल त्या दिवशी वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबार असतेच. सीकेपी घरात बिरड्याला मानाचे स्थान आहे. ओल्या काजूगरांची उसळ कुठल्याही मेजवानीत उणी पडत नाही. सुरण, कच्ची केळी, नीरफणस यांचे काप हळद-तिखट आणि कोकमाचे आगळ लावून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर टाकले की वास आणि कुरकुरीतपणा ओळखीचाच येतो. मात्र कच्चा फणस, अळंबी किंवा सुरण यांत मांसाचा भास असला तरी प्रथिने शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच असतात. कापांच्या शेजारी उसळ हवीच. पनीर शंभर ग्रॅमला एकोणीस ग्रॅमच्या आसपास देते, सोयाच्या वड्यांत वाळलेल्या वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. आठवड्यातून एकदा-दोनदा त्यांना बोलवावे, रोज नको.

भाज्यांच्या बाबतीत उपनगरांचे नशीब चांगले आहे. पावसाळ्यात स्थानकांबाहेर आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात आणि बाजारात न पिकवलेल्या भाज्या दिसतात: पहिल्या पावसाबरोबर शेवळे आणि टाकळा, मग फोडशी, कुर्डू, भारंगी, आणि पुढे कंटोळी. शेवळे घशाला खाजते, म्हणून त्याच्याबरोबर काकडे नावाची आंबट फळे विकली जातात; ती वगळून भाजी केली तर पश्चात्ताप ठरलेला. मांसाहारी घरांत शेवळ्यात कोलंबी किंवा खिमा पडतो, शाकाहारी घरात त्या जागी वाल किंवा चणाडाळ घातली की चव आणि पोषण दोन्ही सांभाळले जाते.

पालेभाज्यांमागे लोहाचा प्रश्न आहे. प्रौढ पुरुषाला रोज १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते असे २०२० चे कोष्टक सांगते. मांसातले लोह शरीर सहज घेते. धान्य-डाळींच्या आहारातले मात्र साधारण पाच ते आठ टक्केच अंगी लागते. जेवणात लिंबू, आवळा, टोमॅटो, कच्ची कोशिंबीर असली की हे प्रमाण वाढते आणि जेवणावर लगेच चहा घेतला की घटते. दुपारच्या डब्यानंतरचा कटिंग तासभर पुढे ढकलणे हा लोहासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या मांदेलीसारख्या मासळीतून कॅल्शियम मिळत होते, तेही आता बंद होते. त्याची भरपाई दूध-दही, तीळ आणि नाचणी करतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रोजची गरज १,००० मिलिग्रॅम आहे. मासळीतल्या ओमेगा-३ ची जागा जवस काही अंशी घेते. शरीर त्यातला थोडाच भाग मासळीतल्यासारख्या रूपात बदलू शकते, तरी भाकरीबरोबर जवसाची चटणी असावी.

या सगळ्यांपेक्षा गंभीर प्रश्न ब-१२ जीवनसत्त्वाचा आहे, कारण ते कुठल्याही डाळीत, भाजीत किंवा फळात नसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भागातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि शाकाहाऱ्यांत कमतरतेची शक्यता मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. दिवसाला ३०० मिलिलिटर दूध-दही घेतले तर गरजेच्या निम्म्याच्या आसपास भागते. दूधही सोडणाऱ्याला गोळीवाचून गत्यंतर नाही. यकृतात याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून मांसाहार सोडल्यावर पहिले वर्ष काही जाणवत नाही; थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा मागाहून येतो आणि तेव्हा त्याचा संबंध जेवणाशी कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हे आखणीतच धरावे. गरोदर स्त्रियांनी तर सुरुवातीलाच विचारून घ्यावे. अंडे चालत असेल तर प्रश्न पुष्कळ सोपा होतो, पण महाराष्ट्रात शाकाहार म्हटले की अंडे सहसा त्यात धरत नाहीत.

बाहेरच्या खाण्यात उलटी फसगत होते. घाटकोपर पूर्वेच्या खाऊगल्लीत सारे काही शाकाहारी आहे, पण त्यातले बरेचसे मैदा, बटाटा, लोणी आणि चीज आहे. इडली-सांबार, मिसळ, ढोकळा, हांडवो यांत डाळ असते. वडापाव आणि सँडविचमध्ये नावापुरती किंवा नसतेच. उपवासाचेही तेच. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्याला दाण्याचे कूट आणि ताक यांचीच काय ती साथ. वरी आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही हा बेत त्याहून सरस.

एकाच घरात एकजण माळकरी आणि बाकीचे मासळीवाले असे असेल, तर दोन स्वयंपाक मांडायची गरज नाही. पोळी, भात, उसळ, भाजी, सोलकढी सर्वांना एकच ठेवावी, मासळी शेवटी वेगळ्या तव्यावर तळावी आणि तो तवा, झारा वेगळाच ठेवावा. वाटणही मासळीत पडण्याआधी अर्धे बाजूला काढून ठेवले की त्याच वाटणात रात्री भिजवलेले काळे वाटाणे शिजतात.