अंगणातल्या सशाचं घर

मुलांनी हट्ट धरायचा, घरच्यांनी बाजारातून पांढऱ्याशुभ्र सशांची जोडी आणून द्यायची, आणि पुढचं सगळं आपल्या गळ्यात! मैत्रिणींनो, हे कुणाच्या घरी घडलं नाही? ससा गोजिरवाणा खराच; पण तो तक्रार करत नाही. कुत्रं भुंकून सांगतं, मांजर पायात घोटाळतं. ससा मात्र दुखणं लपवून कोपऱ्यात बसून राहतो. आमच्या गल्लीत एका घरी मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात दोन ससे भर दुपारी मेले. पाणी होतं, पालाही होता. सावली तेवढी नव्हती.

आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. तो गवतातच दबून बसतो, बीळ करत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडून पाळायला बंदी आहे. बाजारात मिळणारा पाळीव ससा मूळचा स्पेनकडचा, बिळं करून राहणाऱ्या सशांच्या वंशातला. बीळ कसं असतं? गार, कोरडं, अंधारं आणि शत्रूला सहज शिरता न येणारं. आपला पिंजरा तसाच व्हायला हवा.

जागा आणि छप्पर

पश्चिमेचं ऊन आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येची झड, दोन्ही टाळायची. म्हणून पिंजऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावं, आणि शक्यतो झाडाची सावली पाहावी. जोडीसाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद ही जागा कमीत कमी. ६ फूट असेल तर उत्तम. तरीही रोज थोडा वेळ बाहेर हुंदडू द्यायला हवंच. एका टोकाला फळ्यांची बंद खोली करावी, तेच त्याचं बीळ.

नुसता पत्रा डोक्यावर नको. पत्र्याखाली फळी आणि वर झावळ्या किंवा पेंढा घालून बारदान बांधावं. सशाला घाम येत नाही; अंगातली उष्णता तो बहुतेक कानांवाटे बाहेर टाकतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, ३५ च्या पुढे जिवावर बेततं. विदर्भ-खानदेशाकडे पुढच्या जाळीवर बाहेरून ओलं बारदान सोडावं. कोकणात हवाच दमट, तिथे वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. शहाबादी फरशीचा तुकडा पाण्यात गार करून आत ठेवा, ससा आपणहून त्यावर पसरतो. धापा टाकत असेल तर ओल्या फडक्यानं कान पुसा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. गार पाण्यात मात्र बुडवू नका.

जाळी

कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी भटकी कुत्री सहज ओढून काढतात, आणि उंदीर, साप तिच्या भोकांतून आत शिरतात. अर्ध्या इंचाची, जाड तारेची वेल्डेड जाळी घ्या आणि दाराच्या कडीला खिट्टी लावा. पिंजरा दोन-अडीच फूट उंच पायांवर असावा. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो, तसं इथेही करावं. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

घाण खाली पडावी म्हणून पुष्कळजण तळालाही जाळीच ठोकतात. ते नको. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसती लव असते. सतत जाळीवर बसून टाचांना जखमा होतात. तळ फळीचाच हवा.

आतलं अंथरूण

फळीवर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या, त्यावर दोन-तीन इंच सुकं गवत किंवा भाताचा पेंढा; बंद खोलीत थोडा अधिक. गवत तो खाणारच, आणि खायलाच हवं. काळा पडलेला, कुबट वासाचा पेंढा मात्र घालू नका. बारदानाचे तुकडे आत नकोत, सुतळीचे धागे पोटात जातात. प्लॅस्टिकही तो कुरतडतो. वखारीतल्या बारीक भुश्यानं शिंका सुरू होतात. डांबरगोळ्या विषारीच, आणि फिनेलचा उग्र वासही त्याला सोसत नाही.

ससा बहुधा एकच कोपरा धरून घाण करतो. तिथलं ओलं अंथरूण रोज काढलं तर बाकीचं आठवडाभर पुरतं. आठवड्यानं सगळं काढून, फळी व्हिनेगरच्या पाण्यानं धुऊन उन्हात खणखणीत वाळवावी. नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, की समजावं, त्याचे डोळे आणि छाती दोन्ही बिघडण्याच्या वाटेवर आहेत. निघालेलं अंथरूण कुंड्यांच्या खतात घाला, गुलाब छान येतात.

पावसाळ्यात

पावसाळ्यात थंडीपेक्षा ओल वाईट. मागचा भाग घाणीनं ओला राहिला, की माश्या तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडून ससा दगावू शकतो. म्हणून रोज त्याला उचलून शेपटीखाली पाहावं. झडीसाठी पुढे ताडपत्री सोडा, पण वरची वीतभर जागा हवेला उघडी ठेवा. आणि आत्ताच सांगते, मे महिन्यात पापड-कुरडया वाळत घालाल, तेव्हा शेजारी पेंढाही पसरा. कडकडीत वाळला की पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. आषाढात सुका पेंढा शोधत हिंडावं लागणार नाही.

नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. मुलांची हौस तितकी टिकतेच असं नाही. म्हणून पिंजरा आणण्याआधीच कामं वाटून द्या; पाणी कुणी बदलायचं आणि अंथरूण कुणी काढायचं, हे ठरवून घ्या. आणि रोज सकाळी एकदा पेंढ्यात हात घालून पाहा. हाताला कोरडं लागलं, तर ससाही सुखात आहे असं समजा.