लिनक्स करून बघायचंय, पण गेम्स सोडायचे नाहीत? मग आधी परतीचं तिकीट काढा

आजचा भाग लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्या आणि घरी पोचल्यावर पीसीवर गेम लावणाऱ्या सगळ्यांसाठी. ही त्याची लेखी आवृत्ती.

ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या मित्रांकडून मला सध्या एकच प्रश्न येतो: “दादा, माझा पीसी विंडोज ११ घेत नाही. लिनक्स टाकू का? गेम चालतील ना?”

प्रश्न का येतोय ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. नोंदणी केली तर घरगुती पीसीला सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासूनचा लागतो. म्हणजे घरातला धडधाकट सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह एकदम ‘जुना’ ठरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या वन बीएचकेत पीसी बहुतेक वेळा एकच असतो. त्यात तुमचे गेम, ताईचं कॉलेजचं प्रोजेक्ट, बाबांच्या जीएसटीच्या फाइली आणि आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो. प्रयोग फसला तर नुसता गेम जात नाही, अख्ख्या घराचं काम अडतं. म्हणून माझा नियम साधा आहे: परत विंडोजवर येण्याची वाट शाबूत ठेवूनच लिनक्सकडे जायचं.

पायरी पहिली: गेमची यादी करा

काहीही डाउनलोड करायच्या आधी गेल्या महिन्यात खरंच खेळलेले गेम कागदावर लिहा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर थेट चालतात. स्टीमवरचे बाकीचे बरेच गेम ‘प्रोटॉन’मुळे चालतात. विंडोजसाठी लिहिलेल्या गेमची भाषा लिनक्सला समजावणारा हा दुभाषी वॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणला. तुमचा गेम कितपत चालतो, हे ‘प्रोटॉनडीबी’ या साइटवर खेळणाऱ्यांच्या अनुभवांतून कळतं.

खरी अडचण ऑनलाइन गेममधल्या अँटी-चीटची. व्हॅलरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सचा दरवाजा बंद केला. रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलरंटच खेळत असाल, तर पूर्ण लिनक्सवर जाऊ नका. विंडोज ठेवावंच लागेल.

पायरी दुसरी: बॅकअप

महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार उघडून बघा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा? गेमचे सेव्ह स्टीम क्लाउडवर जातायत का, तेही तपासा, कारण सगळेच गेम ती सोय देत नाहीत. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं.

पायरी तिसरी: पेनड्राइव्हवरून चालवा

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, हे लक्षात ठेवा. लिनक्स मिंट अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि ‘रूफस’ने पेनड्राइव्हवर चढवा. पीसी चालू होताना बूट मेनूची की दाबा. एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलते. लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून सुरू होईल. जोवर तुम्ही ‘इन्स्टॉल’ दाबत नाही आणि आतल्या डिस्कवरच्या फाइली स्वतः बदलत नाही, तोवर विंडोज जसंच्या तसं राहतं.

इथे वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ, मराठी टायपिंग तपासा. गेमचा वेग मात्र इथे जोखू नका. पेनड्राइव्ह हळू असतो आणि एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर अजून चढलेला नसतो.

पायरी चौथी: वेगळी एसएसडी

आवडलं? तर विंडोजच्या डिस्कचे तुकडे करू नका. लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्या. डेस्कटॉप असेल तर पीसी बंद करून विंडोजच्या डिस्कची केबल काढा, मग इन्स्टॉल करा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार कशी? मध्येच लाइट गेली तरी विंडोजचं काही बिघडत नाही. फार तर लिनक्स परत टाकायचं. नंतर केबल जोडा आणि बूट मेनूतून हवं ते निवडा.

लॅपटॉपमध्ये डिस्क काढणं जमत नसेल, तर काही दिवस पेनड्राइव्हवरच थांबा किंवा जाणकाराला सोबत बसवा. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय दिसला की डिस्कचं नाव आणि जीबी दोनदा वाचा.

एक टीप: विंडोजच्या डिस्कवरचे गेम लिनक्समधून तसेच चालवू नका, प्रोटॉन तिथे अडखळतो. लिनक्सच्या डिस्कवर ते नव्याने उतरवा.

अडलात तर? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट.

मग महिनाभर दोन्ही वापरा. महिन्यात विंडोज किती वेळा उघडावं लागलं, ते मोजा. यूट्यूबवरच्या भांडणांपेक्षा तो आकडा तुम्हाला खरं उत्तर देईल. तुमची गेमची यादी कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्यावर बोलू!