लेशी : जंगलाच्या मालकाशी केलेला व्यवहार

लोकदैवतांवरच्या या व्याख्यानमालेत आज आपण उत्तर रशियाच्या जंगलात जाणार आहोत. तिथला एक रहिवासी आपल्या तरुण मंडळींना व्हिडिओ गेममधून माहीत असतो. डोक्याच्या जागी हरणाची कवटी, झाडाच्या फांद्यांसारखे हात, आणि दिसला की त्याला मारायचं. त्याचं मूळ नाव लेशी. रशियन भाषेत 'लेस' म्हणजे जंगल, आणि लेशी म्हणजे जंगलातला, जंगलवाला. पण एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं असतं, की लेशी दिसला तर त्याला मार, तर त्याने कपाळावर हात मारला असता. कारण लेशीला मारायचं नसतं, त्याच्याशी व्यवहार करायचा असतो. आजचा आपला विषय हा व्यवहारच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. 'स्लाव्ह पुराणकथा' म्हटलं की आपल्याला वाटतं, आपल्या पुराणांसारखे जुने ग्रंथ असतील. तसे ते नाहीत. किएव्हच्या राज्याने ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यापूर्वीच्या स्लाव्ह लोकांनी आपल्या देवांविषयी स्वतः लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. लेशीबद्दलची बहुतेक माहिती मिळते ती फार नंतरची. शब्दकोशकार व्लादीमिर दाल, कथा गोळा करणारे अलेक्सांद्र अफानास्येव, आणि सर्गेई माक्सीमोव्ह, ज्यांचं दुष्ट आणि अज्ञात शक्तींवरचं पुस्तक १९०३ साली आलं, अशा लोकांनी टिपलेली ही माहिती आहे. म्हणजे आपण कुठल्या प्राचीन देवाबद्दल बोलत नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावणारा आणि परत येताना जंगलाच्या कडेला भाकरीचा तुकडा ठेवणारा जो माणूस, त्याच्या श्रद्धेबद्दल बोलतो आहोत.

आता हा लेशी दिसतो कसा? बहुतेक वेळा साध्या शेतकऱ्यासारखा. खूण शोधायची ती तपशिलात. त्याच्या कोटाची बाजू उलटी, डावी-उजवीकडे गेलेली. डाव्या पायातला जोडा उजव्या पायात. भुवया नाहीत, सावली पडत नाही. जंगलात तो झाडांएवढा उंच असतो आणि उघड्या कुरणात आला की गवताएवढा होतो. तो टाळ्या वाजवतो, शिट्टी घालतो, खदाखदा हसतो, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाका मारतो. त्याचं नाव सहसा घेत नसत. 'मालक', 'आजोबा' किंवा नुसतं 'तो' म्हणत. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तसंच.

'मालक' हा शब्द लक्षात ठेवा. रशियन खेड्यात प्रत्येक जागेला असा मालक होता. घरात दोमोव्होय, पाण्यात व्होद्यानोय, स्नानघरात बान्निक, आणि जंगलात लेशी. जंगलातली जनावरं ही त्याची संपत्ती. एखाद्या वर्षी खारींचे कळपच्या कळप एका भागातून दुसऱ्या भागात निघाले, तर शिकारी म्हणत, इकडचा लेशी पत्त्यात हरला, आता देणं चुकवतोय. सायबेरियाचे लेशी रशियाच्या लेशींकडून हरले आणि त्यांना तोबोल्स्कमार्गे उरल पर्वताकडे जनावरं हाकावी लागली, अशीही कथा सांगितली जाई. यात गंमत आहे, पण हिशेबही आहे. ज्याचं पोट खारीच्या कातड्यावर चालतं, त्याला यंदा खारी का नाहीत याचं उत्तर हवंच असतं.

लेशीचं सगळ्यांत प्रसिद्ध काम म्हणजे वाट चुकवणं. माणूस तासन् तास चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. आपल्याकडे याला 'चकवा लागला' म्हणतात. उपाय काय? बुंध्यावर बसायचं, अंगातले सगळे कपडे काढून उलटे घालायचे, जोडे डाव्याचे उजव्या पायात करायचे आणि मग निघायचं. लेशी स्वतः उलटा, म्हणून आपणही उलटं व्हायचं.

माणूस खरंच गोल फिरतो का? जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २००९ साली निष्कर्ष छापले. त्यांनी सहा जणांना मोठ्या सपाट जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं. आकाश ढगाळ असताना जे चौघे चालले, ते गोल फिरले, आणि त्यातल्या तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तीही नकळत. सूर्य दिसत असताना चाललेले दोघे जवळजवळ सरळ गेले. थोडक्यात, खेडुतांचं निरीक्षण बरोबर होतं. कारण त्यांनी दिलं ते लेशीचं. आणि उपायाकडेही नीट बघा. घाबरलेला माणूस पळत सुटतो आणि आणखी आत जातो. त्याला बसवलं, बुटाच्या नाड्या सोडायला लावल्या, तर श्वास जागेवर येतो, आजूबाजूला लक्ष जातं. उपाय चालत असेल तर तो यामुळे, असं आम्हाला वाटतं.

आता मुख्य व्यवहाराकडे वळू. अर्खांगेल्स्क, वोलोग्दा या उत्तरेकडच्या भागात गुरं कुरणात कमी आणि जंगलात जास्त चरत. वसंतात संत जॉर्जच्या दिवशी गुरं बाहेर पडत आणि शरदापर्यंत ती रोज अस्वल आणि लांडग्यांच्या राज्यात. सगळ्या गावाची गुरं सांभाळायला मजुरीवर एक गुराखी. हा गुराखी जाणत्या माणसाकडून एक मंत्र घेई, त्याला 'ओत्पुस्क' म्हणत. तो म्हणून कळपाभोवती प्रदक्षिणा घालायची, की लेशीशी करार झाला. लेशी गुरं राखणार, आणि मोबदल्यात त्याला दूध किंवा एखादं जनावर मिळणार.

पण करारात गुराख्यावरही अटी होत्या. हंगाम संपेपर्यंत केस कापायचे नाहीत. कुणाशी हात मिळवायचा नाही. जंगलातली बोरं तोडायची नाहीत, अळंबी गोळा करायची नाही. अट मोडली की करार मोडला, आणि मग अस्वल आलंच समजा.

असा करार कशासाठी? आमचं म्हणणं असं. एवढ्या मोठ्या जंगलात दर उन्हाळ्यात एखादी गाय जाणारच. करार असला, की ती गेलेली गाय 'ठरलेला हिस्सा' होते. गावाला ते नुकसान सोसता येतं आणि गरीब गुराख्यावर थेट बालंट येत नाही. मात्र दोन-चार गाई गेल्या, तर गाव विचारणार, बोरं तोडलीस का? हात मिळवलास का? तोच करार आता त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

एखादं जनावर हरवलं, तर काही ठिकाणी लेशीला चक्क अर्ज लिहीत. भूर्जाच्या सालीवर, उजवीकडून डावीकडे. गाय परत कर, नाहीतर तुझी तक्रार करू, असा त्याचा सूर. सरकारी कचेरीत जसा अर्ज द्यायचा, तसाच जंगलाच्या कचेरीत.

पण या हिशेबाची एक क्रूर बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आईने रागाच्या भरात मुलाला म्हटलं, 'लेशी नेवो तुला', आणि ती घटका वाईट निघाली, तर लेशी त्या मुलाला खरंच नेतो, अशी समजूत होती. मग प्रार्थना करायच्या, तिठ्यावर अन्न ठेवायचं. कथांमध्ये कधी मूल परत येतं, पण ते मुकं, रानटी झालेलं असतं. आता विचार करा. बोरं वेचायला गेलेली मुलं जंगलात हरवत असणारच. आणि कुठली आई मुलावर कधी ओरडत नाही? म्हणजे मूल गेलं की दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं. गाईच्या वेळी ज्या श्रद्धेने नुकसान सोसायला मदत केली, तिनेच इथे आईच्या पदरात अपराध बांधला. श्रद्धा माणसाला आधार देते की नाही, एवढंच विचारून भागत नाही. बिल कुणाच्या नावावर फाडते, हेही बघावं लागतं.

शेवटी एका नाटकाचा उल्लेख करतो. १८८९ साली चेकॉव्हने 'लेशी' नावाचं नाटक लिहिलं. त्यात भूत कुठेच नाही. जंगलं वाचवण्याच्या मागे लागलेल्या एका डॉक्टरला लोक थट्टेने लेशी म्हणतात. हे नाटक पडलं, पण त्यातूनच पुढे 'अंकल व्हान्या' आलं. त्यातला डॉक्टर आस्त्रोव्ह आपल्या तालुक्याचे नकाशे दाखवतो. पन्नास वर्षांपूर्वीचं जंगल, पंचवीस वर्षांपूर्वीचं, आणि आजचं उरलेले ठिपके. जुन्या गुराख्याला जंगलातून काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठाऊक होतं, कारण पलीकडे कुणी मालक आहे असं तो धरून चालला होता. आस्त्रोव्हच्या काळात मालकी कागदावर आली, लाकडाला भाव आला, आणि बोरं तोडू नकोस म्हणणारं कुणी राहिलं नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण जंगलातून नदीकाठी येऊ आणि रुसाल्कांची ओळख करून घेऊ. तिथेही प्रश्न हाच विचारायचा आहे, हिशेब कुणाच्या नावावर लिहिला जातो?